इंगळेसाहेबांची रंगीत तालीम

आमच्या शेजारच्या इंगळेसाहेबांकडे गेलं की आधी खातं मिळे, मग चहा. "तुम्ही अध्यक्ष," असं ते मला सांगत, आणि माझ्या बायकोला, "शैलाताई, तुम्ही वित्त विभाग." आम्ही टेकायच्या आत सभा सुरू झालेली असे.

लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आमची दारं समोरासमोर होती. साहेब महाराष्ट्राच्या शिक्षण खात्यातून दिल्लीला प्रतिनियुक्तीवर आलेले. राज्यात नवी सरकारी कॉलेजं कुठे काढायची याचा आराखडा ते इथल्या समितीपुढे मांडत, आणि घरी रंगीत तालीम केल्याशिवाय या माणसाला खऱ्या सभेला जाववत नसे. भाजीत मीठ जास्त पडलं तरी "हे इतिवृत्तात घ्या" म्हणून ते जेवायला लागत. त्यांच्या पत्नीला, कमलवहिनींना, सभेत काम नव्हतं. त्या चहा ठेवून आत जात.

अध्यक्ष म्हणून मी अगदीच कुचकामी होतो. सगळ्यालाच मान डोलवायचो. शैला मात्र वित्त विभागात शिरली ती शिरलीच. मांडीवर ताट घेऊन मटार सोलता सोलता ती एकेक कॉलेज उडवून लावायची. "बिल्कुल नाही. पुढचं." पुढे पुढे मी घरात नवा पंखा मागितला तरी तिचा तोच सूर लागायला लागला.

दिवस उदारीकरणाचे होते. गुडगावला काचेच्या इमारती उठत होत्या आणि रविवारी आमची अर्धी कॉलनी दिल्लीच्या कडेला नव्याने वसणाऱ्या द्वारकेच्या धुळीत फ्लॅट बघत फिरायची. आम्हीही एक नोंदवून टाकला. साहेब तिकडे फिरकत नसत. पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार होते, क्वार्टर सोडावं लागणार होतं, आणि त्यासाठी कमलवहिनींच्या माहेरी, सावळदऱ्याला, त्यांनी घर बांधून ठेवलं होतं. वहिनी मे महिन्याच्या काहिलीत आमच्याकडे बसून त्या घराच्या खिडक्यांविषयी बोलायच्या.

आराखड्यात सावळदरा अगदी शेवटी होतं. डोंगराळ तालुका, जवळपास कॉलेज नाही. शाळा संपली की तिथल्या मुली घरी बसत, कमलवहिनी त्यांतल्याच एक. पण बायकोचं माहेर म्हणून साहेबांनी दोनदा ते नाव आपल्या हाताने गाळलं होतं. या वेळी घातलं, आणि तेव्हापासून त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं.

शेवटच्या तालमीत शैलाने तेच कॉलेज धरलं. आता सगळीकडे खासगी कॉलेजं निघतायत, मग सरकारने कशाला पदरमोड करायची, असं तिने विचारलं. खासगीवाला तिथे पाणी प्यायलासुद्धा थांबत नाही, असं साहेब म्हणाले. मुलं कुठायत, असं तिने विचारलं, तर म्हणाले, कॉलेज नाही म्हणून नाहीत. इमारत बांधून होईपर्यंत वर्ग कुठे भरणार, यावर मात्र ते अडखळले. मी विषय संपवणार होतो, तेवढ्यात शैलाने शांतपणे पुढचा प्रश्न टाकला.

"सासुरवाडी आहे म्हणून कॉलेज मागताय, असं कुणी म्हणालं तर?"

साहेबांचा चेहरा पार उतरला. मी डोळे वटारले, पण ती वित्त विभागात होती. साहेब कागद गोळा करून आतल्या खोलीत गेले. त्या दिवशी इतिवृत्त झालं नाही. मला शैलाचा भयंकर राग आला. घरी येऊन बघतो तर तीही ताट पुढे घेऊन नुसती बसलेली.

खऱ्या सभेच्या दिवशी शैला सारखी गॅलरीत जाऊन बघत होती. संध्याकाळी साहेब जिना चढून आले ते स्वतःच्या दाराकडे न वळता आमच्याकडे. फाइल पोटाशी धरलेली. यादीतली बरीच नावं गेली, असं त्यांनी सांगितलं. सावळदऱ्यापाशी तिथल्या वित्तवाल्या साहेबानेही इमारतीचंच काढलं. भाड्याची तरतूद नाही. या जूनला वर्ग भरवायला छप्पर असेल तर मंजूर, नसेल तर नाव काढा. अध्यक्षांनी पेन उचललं.

"मी म्हटलं, छप्पर आहे," साहेब म्हणाले. "माझं घर आहे तिथे, घ्या. सासुरवाडी आहे माझी, तेही सांगितलं. म्हटलं, हे इतिवृत्तात घ्या."

कॉलेज मंजूर झालं होतं. अभिनंदन करायला मी हात पुढे केला, तर त्यांनी फाइल सोडली नाही.

"शैलाताई, एक तालीम घ्या," ते म्हणाले. "आज वित्त विभाग नको. आज तुम्ही कमल व्हा. तिला मी विचारलेलं नाही."

साहेबांनी घसा साफ केला, "सन्माननीय" एवढं म्हणाले आणि थांबले. दार उघडंच राहिलं होतं. दारात कमलवहिनी उभ्या होत्या, आणि त्यांच्याकडे बघून कळत होतं की त्यांनी घराचं ऐकलंय.

त्या आत आल्या आणि दाराजवळच्या स्टुलावर बसल्या. माझी मान वर करायची छाती होईना. गावी चार खोल्या होत्या, म्हणून तर या बाईने दिल्लीची इतकी वर्षं काढली होती.

"माझ्या स्वयंपाकघरात काय भरवणार?" वहिनींनी विचारलं.

"प्रयोगशाळा," साहेब पुटपुटले. "नळ आहे तिथे."

वहिनींनी पदर सारखा केला.

"ओटा माझ्या उंचीचा करून घेतलाय. गवंड्याला मी तिथे उभं राहून माप दिलं होतं," त्या म्हणाल्या. "तिकडच्या मुली माझ्याएवढ्याच असतात. त्यांना बरा पडेल."

त्यावर इंगळेसाहेब जे रडायला लागले, ते आम्हाला कुणालाच आवरता येईना.