खतीबसरांचं पाणी

मुलांनो, मुरुडला आमच्या शेजारच्या खतीबसरांकडे पाणी मागितलं, की आधी धडा मिळतो, मग पेला.

सर शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले तरी विषय सुटला नाही. दारातच दोन्ही हात खाली तिरके पसरून उभे राहतात. "ताई, मी ऑक्सिजन. हे दोन हात माझे हायड्रोजन. हात एका सरळ रेषेत असते, तर पाणी केव्हाच वायू होऊन उडून गेलं असतं. ते वाकडे आहेत, म्हणून आपण आहोत."

आतून त्यांच्या पत्नीचा, जुबेदाभाभींचा आवाज येई, "मास्तर, ताई उन्हातून आल्यात. ऑक्सिजन मागून द्या, आधी सरबत द्या."

एकदा बंदरावर होडीत बर्फ चढवणाऱ्या कोळ्याला त्यांनी अडवलं. बर्फ पाण्याहून हलका आहे हे केवढं नशीब. तो बुडणारा असता, तर थंड मुलखातली तळी तळापासून गोठली असती, मासे मेले असते. कोळी म्हणाला, "सर, तो तरंगू दे न्हायतर बुडू दे, आधी होडीत तर टाकू दे. इथंच पानी झाला त्याचा."

मी कॉन्व्हेंटमध्ये पाण्याचं सूत्र घोकलं होतं. पण एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो, म्हणून थेंब गोल राहतो, हे मला सरांच्या परसात, अळूच्या पानासमोर कळलं.

गेल्या वर्षी भाभींना पक्षाघात झाला. गिळताना पातळ पाणी श्वासनलिकेत जाऊ लागलं. डॉक्टरांनी पावडर दिली: पाणी दाट करून चमच्याने पाजा. भाभींनी एक चमचा घेतला आणि तोंड मिटलं. "हे पाणी नाय, खळ हाय."

दुसऱ्या दिवशीही त्यांनी काही घेतलं नाही. ओठ सुकले. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर अलिबागला दाखल करावं लागेल. भाभींना इस्पितळाची फार धास्ती. सरांनी कोकम घालून पाहिलं, गार करून पाहिलं, समजावलंही. "अगं, पाणी तेच आहे. फक्त जरा सावकाश चालतं."

"मग तुम्ही प्या."

सरांनी पेलाभर दाट पाणी चमच्याने संपवलं. त्यांचं तोंड पाहून भाभींना हसू आलं, आणि मग त्यांनी तोंड उघडलं.

परवा भर दुपारी मी आमरस घेऊन गेले. घामाघूम झालेले सर ओट्यावर बसून चमच्याने दाट पाणी खात होते. आत भाभी गाढ झोपल्या होत्या.

"सर, त्या झोपल्यात. आता तरी साधं पाणी घ्या."

"उठली की विचारते, ताई, 'मास्तर, तुम्ही काय प्यायलात?'" सर हळू आवाजात म्हणाले. "तिला खोटं कसं सांगू?"

आणि ते चमच्याने पेल्याचा तळ खरवडू लागले.