दोन ओळींमधली हवा

जुळाऱ्याने ठरवलं ते एवढंच, की दोन ओळींमध्ये जराशी हवा सोडायची. यापलीकडे त्याच्या मनात काहीही नव्हतं. पुढे जे झालं, म्हणजे मालकांचं फिरलेलं डोकं, दिवाणखान्याची लागलेली वाट आणि दारात अडकलेला सोफा, त्यातलं काहीएक त्याने योजलेलं नव्हतं. (योजून केलेली कामं त्याच्या हातून तशीही पार पडत नसत.)

जुळारी हे काही त्याचं नाव नव्हे. छापखान्यात पूर्वी शिशाचे खिळे जुळवणारी माणसं असत, त्यांना जुळारी म्हणायचे. खिळे गेले, ती माणसं गेली, त्यांच्या जागी एक कॉम्प्युटर आला आणि कॉम्प्युटरपुढे हा येऊन बसला. नाव तेवढं मागे उरलं होतं, ते याला लागलं. गणिताची पुस्तकं हमखास याच्याच टेबलावर यायची, कारण बाकी कुणी ती हातात धरायचं नाही. याला गणित येत होतं अशातला भाग नाही. याला ते बघायला आवडायचं.

त्यातून मॅट्रिक्सवर तर त्याचा भारी जीव. दोन उंच कंसांच्या मध्ये रांगा करून बसवलेले आकडे. त्यांचं पुढे काय करतात हे त्याला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून त्याचं काही अडतही नव्हतं. तो नुसता बघत बसायचा, आणि बघता बघता ते आकडे त्याला संध्याकाळी खुर्च्या टाकून वाऱ्याला बसलेल्या माणसांसारखे दिसू लागायचे. कुणी बोलत नाही, कुणाला घाई नाही. अशा वेळी त्याला हाक मारली तर तो ‘ओ’ द्यायचा, पण ती ओ कुठून तरी लांबून यायची.

तर अशाच एका तंद्रीत असताना टेबलावरच्या पुस्तकाच्या लेखकांचा, म्हणजे प्राध्यापकांचा, फोन आला.

“चौथं प्रकरण उघडा. पहिलंच मॅट्रिक्स. काय दिसतंय?”

“छान दिसतंय, सर.”

“छान काय, डोंबल! वरच्या अपूर्णांकाचा छेद खालच्या अपूर्णांकाच्या डोक्यावर बसलाय. विद्यार्थ्याला कळणार कसं, कोण कुणाला भागतंय ते?”

जुळाऱ्याने डोळे बारीक करून पाहिलं. खरंच की! वरच्या ओळीतले आकडे खालच्या ओळीच्या डोक्यावर बसून तिला चिरडत होते आणि बिचारी खालची ओळ मुकाट्याने सोसत होती. त्याला फार वाईट वाटलं. इतके दिवस आपण वाऱ्याला बसलेली माणसं म्हणून ज्यांच्याकडे बघत होतो, ती गुदमरत होती!

या दुखण्यावर त्याच्या धंद्यात एक उपाय आहे. ओळीत एक अदृश्य टेकू घालता येतो. या टेकूला उंची असते, जाडी मुळीच नसते. छापल्यावर तो कुठेच दिसत नाही, पण वरच्याला खालच्यापासून लांब ठेवतो. (जुळाऱ्याने एकदा हे सासूबाईंना मोठ्या हौसेने समजावून सांगितलं होतं. “आपल्या घरात तुम्ही आहात तसंच की हो,” असं त्या म्हणाल्या होत्या. ती स्तुती होती की नाही, याचा उलगडा त्याला अजून व्हायचा आहे.)

त्याने टेकू घातला. ओळी सुटल्या. पण ओळी सुटल्यावर स्तंभ चिकटल्यासारखे दिसायला लागले, म्हणून त्याने स्तंभ लांब केले. मग कंस तोकडे पडले, म्हणून कंस वाढवले. मग ते एकच मॅट्रिक्स ऐसपैस आणि शेजारची अंग चोरून बसलेली, हे काही बरं दिसेना. त्याने सगळ्या पुस्तकातल्या सगळ्या मॅट्रिक्सना सारखी हवा देऊन टाकली आणि खुर्चीला पाठ टेकून बघत राहिला. पानापानांवर पांढरी शुभ्र जागा पसरली होती, आणि तिच्यात आकडे तरंगत होते. त्याच्या डोळ्यांत पाणी यायचंच काय ते बाकी होतं.

मालक मागे येऊन उभे राहिले.

“पुस्तक सुरेख दिसतंय.”

“दिसतंय ना?”

“फारच. आता उदाहरणांची उत्तरं पुढच्या आवृत्तीत छापू या का? यात काही मावत नाहीत.”

एवढं ऐकून शहाणा माणूस भानावर आला असता. आपला जुळारी घरी आला, तोही जमिनीपासून थोडा वर.

घरी वातावरण वेगळंच होतं. त्याची बायको व्हायोलिन वाजवायची. म्हणजे लग्नाआधी वाजवायची, मग संसार आला, व्हायोलिन कपाटावर गेलं, आणि गेल्या वर्षी तिने ते खाली काढलं ते पुन्हा वर ठेवलं नाही. तिला शिकवणाऱ्या बाई आता मोठ्या वाद्यवृंदाच्या प्रमुख झाल्या होत्या. त्या वृंदात एक जागा मोकळी झाली होती. बाईंनी निरोप धाडला होता, की रविवारी दुपारी तुझ्या घरी येते, चार माणसं बोलाव आणि त्यांच्यासमोर वाजव, मग बघू. चार माणसांसमोर, इथेच तर सगळी मेख होती. तिचा हात चांगला होता, पण समोर माणसं दिसली की तो आखडायचा. “तुझा आवाज तुझ्या नाकापुढे जात नाही,” असं बाई पूर्वी म्हणायच्या, आणि ते तिच्या काळजात रुतून बसलं होतं. ही संधी गेली तर व्हायोलिन पुन्हा कपाटावर जाणार, हे तिला माहीत होतं आणि त्यालाही. त्याला तर ती वाजवत असताना स्वयंपाकघरात उगाच भांडी विसळत उभं राहायची सवय लागली होती.

रविवारी सकाळी ती म्हणाली, “अहो, मी आत तयारी करतेय. तुम्ही आणि माझा भाऊ मिळून बाहेर खुर्च्या मांडा. नुसत्या मांडा. विचार करू नका.”

“खुर्च्या मांडण्यात विचार कसला करायचाय?”

“म्हणूनच सांगतेय,” ती म्हणाली आणि बेडरूमचं दार लोटून घेतलं.

मेव्हणा गडी धडधाकट. त्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून खुर्च्या आणल्या, दोघांनी मिळून त्या खिडकीकडे तोंड करून रांगेने मांडल्या. खिडकीपाशी तिला उभं राहायला जागा सोडली. सोफा मागच्या भिंतीला. काम झालं होतं. मेव्हणा हात झटकून पंख्याखाली बसलासुद्धा. आणि जुळारी, जाता जाता, दारात थबकला आणि त्याने डोळे बारीक केले.

मागच्या रांगेचे गुडघे पुढच्या रांगेच्या पाठीत जाणार होते.

“काय झालं, दाजी?”

“काही नाही रे. जराशी हवा हवी मध्ये.”

त्याने कोपऱ्यातली छत्री आणली आणि ती दोन रांगांमध्ये आडवी धरून एक एक खुर्ची पुढे सरकवली. छान झालं. पण आता शेजारशेजारच्या खुर्च्या खेटल्यासारख्या वाटायला लागल्या. त्याने त्या फाकवल्या. मग कडेच्या खुर्च्या भिंतीला लागल्या, म्हणून फुलदाणीचं टेबल गॅलरीत गेलं. मग रांगा वाकड्या दिसल्या, म्हणून त्याने त्या पहिल्यापासून पुन्हा लावल्या. खिडकीतून ऊन आत आलं होतं, पडदा हलत होता, रिकाम्या खुर्च्या एकमेकींपासून सारख्या अंतरावर शांत उभ्या होत्या. त्याला ते पान इतकं आवडलं, की तो छत्री छातीशी धरून नुसता बघत राहिला.

“दाजी,” मेव्हणा म्हणाला, “ताई कुठे उभी राहणार?”

जुळारी खाली उतरला. पहिली रांग सरकत सरकत थेट खिडकीला जाऊन भिडली होती. ऐकणाऱ्यांची उत्तम सोय झाली होती. वाजवणारीला मात्र खिडकीबाहेर उभं राहावं लागलं असतं.

“रांगा मागे घेऊ या,” मेव्हण्याने सुचवलं.

“हट्! पुन्हा गुदमरतील.”

“कोण?”

जुळाऱ्याची नजर मागच्या भिंतीकडे गेली. “सोफा काढू या,” तो म्हणाला. “तो बेडरूममध्ये गेला की सगळं मागे सरकतं आणि पुढे जागा होते.”

“दारातून जाईल?”

“जाईल की. मी मोजलंय.” (त्याने मोजलं होतं, पण छत्रीने.)

सोफा तिरका केला. मग आडवा केला. मग उभा करून फिरवला. मेव्हण्याने मागून खांदा लावला आणि सोफा मोठ्या दिमाखात दारात शिरला. अर्धा शिरला. त्याचा एक हात चौकटीच्या आत जाऊन अडकला आणि दुसरा बाहेर भिंतीला भिडला. पुढे रेटावं तर हा हात अडतो, मागे ओढावं तर तो. वर एखादं माणूस अंग चोरून कसंबसं निघेल एवढी फट राहिली.

त्या फटीतून बायकोचं डोकं निघालं.

“हे काय आहे?”

“सोफा,” जुळारी म्हणाला.

“तो मला दिसतोय. तो इथे का आहे?”

“अगं, जागा करत होतो. तुझ्यासाठीच.”

“मी बाहेर कशी येऊ?”

तेवढ्यात दाराची बेल वाजली.

आधी सासूबाई आल्या, मग शेजारचे, आणि त्यांच्या पाठोपाठ बाई. पांढरे केस, ताठ मान, हातात काठी. त्यांना मानाने पहिल्या रांगेत, खिडकीशी, मधोमध बसवण्यात आलं. त्या बसल्या. समोर खिडकी, खिडकीत पडदा. त्यांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं.

“वाजवणारी कुठे आहे?”

सगळ्यांनी माना मागे वळवल्या. बेडरूमच्या दारात सोफ्याचं बूड होतं.

“आत आहे,” सासूबाईंनी माहिती पुरवली. “जावयांनी कोंडून ठेवलीय.”

जुळाऱ्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तो सोफ्यापाशी गेला, टाचा उंचावून फटीला तोंड लावलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, “अगं, चुकलं माझं. स्टूल देतो. चढून येतेस का?”

“या कपड्यांत? बाईंसमोर? सोफ्यावरून उतरत?” तिचा आवाज कापत होता. “जाऊ दे. सांगा त्यांना, नाही जमत म्हणून. तसंही कुठे जमणार होतं मला.”

हे त्याला सोसवलं नाही. बाकी कशाचं काही नाही, पण ते ‘तसंही’. तो हवेत-बिवेत काही नव्हता आता, दोन्ही पाय पक्के जमिनीवर होते.

“हे बघ,” तो म्हणाला, “तुला तिथून कोण दिसतंय?”

“कुणीच नाही. सोफा दिसतोय.”

“मग सोफ्याला ऐकव.”

पावलं दारापासून लांब गेल्याचं ऐकू आलं. मग आत गज तारांना टेकला.

बाहेरच्यांनी खुर्च्या उलट फिरवल्या. त्यामुळे शेवटची रांग पहिली झाली आणि पहिल्या रांगेतल्या बाई एकदम शेवटच्या रांगेत, खिडकीशी गेल्या. एरवी त्या लहानशा खोलीत शेवटची रांग म्हणजे काही फार लांब नसती. पण जुळाऱ्याने ती छत्रीने लांब केली होती.

सूर आधी चाचरत आला. मग, समोर कुणी नाही अशी खात्री पटल्यासारखा, मोकळा झाला. सोफ्यावरच्या फटीतून तो बाहेर पडला, पहिल्या रांगेवरून गेला, दुसरीवरून गेला, माणसांच्या मधल्या मोकळ्या जागांतून निवांत हिंडला आणि खिडकीपर्यंत जाऊन पडद्यापाशी रेंगाळला. शेजारची मंडळी डोळे मिटून बसली. मेव्हण्याने तोंड उघडलं ते तसंच राहिलं. जुळारी सोफ्याच्या बाहेरच्या हाताला टेकून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांत या वेळी खरंच पाणी आलं. ती अशी वाजवू शकते, हे त्याला भांडी विसळताना कधीच कळलं नव्हतं.

शेवटचा सूर थांबला, आणि टाळ्यांच्याही आधी बाई उठल्या. काठी टेकत, खुर्च्यांच्या मधून (कुणालाही न उठवता; इतकी ऐसपैस वाट होती) त्या सोफ्यापाशी आल्या आणि फटीकडे मान वर करून म्हणाल्या, “शेवटच्या रांगेपर्यंत पोचतेस का, एवढंच मला ऐकायचं होतं. पोचलीस. उद्यापासून ये.”

आतून हुंदका आला की हसू, ते नीटसं कळलं नाही. बहुतेक दोन्ही असावं.

“पण एक अट आहे,” बाई म्हणाल्या. “रोज सकाळ-संध्याकाळ सराव करायचा. त्या वेळात घरातलं कुणी आत येणार नाही, काही सुचवणार नाही आणि मुख्य म्हणजे काही हलवणार नाही.” हे म्हणताना त्यांनी जुळाऱ्याकडे पाहिलं. “घरात जमेल असं?”

जुळाऱ्याने घाईघाईने मान डोलावली. “जमेल की, बाई. आता सुताराला बोलावतो, चौकट काढायला लावतो, सोफा...”

“नको,” आतून आवाज आला. मघाशी कापत होता तोच आवाज, आता चांगला खणखणीत. फटीतून बायकोचं डोकं वर आलं. डोळे ओले, चेहरा फुललेला. “सोफा तिथेच राहू द्या. मी स्टुलावरून येईन-जाईन.”

“अगं पण, मी? मी आत कसा येणार?”

“तुम्ही कशाला आत येताय?” ती म्हणाली. “तुम्हाला बाहेर भरपूर जागा आहे. तुम्हीच केलीत ना?”