पाऊण माणसाचं भाडं

पगारे मास्तर लिफ्टमध्ये असले, की लिफ्टमधली माणसं मोजली जातात. तोंडाने नव्हे, हनुवटीने. डावीकडून उजवीकडे हनुवटी चार वेळा हलली, की समजायचं चार डोकी भरली. मग ते लिफ्टच्या पत्र्यावर बोटाने दोनदा टकटक करतात आणि म्हणतात, "चला." बटण त्यानंतरच दाबायचं. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या सुनेने टकटकीआधीच बटण दाबलं, तर मास्तर तिला समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, डबल बेल झाल्याबिगर गाडी हलवायची नाय."

हे मास्तर शाळेतले नव्हेत. एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात, आणि पगारे बत्तीस वर्षं नाशिक-येवला गाडीवर कंडक्टर होते. मी सत्तावीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. तरी इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीत 'मास्तर कुठे राहतात' असं कोणी विचारलं, की वॉचमन त्यांच्याच दाराकडे बोट दाखवतो. मला नुसतं 'सर' म्हणतात. याचं मला मुळीच वाईट वाटत नाही, असं मी बायकोला अनेकदा सांगितलेलं आहे.

निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण मास्तरांच्या अंगातली गाडी थांबलेली नाही. टपरीवर गेले की "दोन फुल, एक हाफ" म्हणून चहा सांगतात. लग्नाच्या पंगतीत शिरले की "पुढं सरका, पुढं सरका, मागं जागा हाय" सुरू होतं आणि पाहुणेही निमूटपणे सरकतात. सोसायटीच्या सभेला गणपूर्ती झाली की नाही, हे सेक्रेटरी वहीत बघत नाही, मास्तरांच्या हनुवटीकडे बघतो. घरात ते एकटेच असतात. वहिनी गेल्या, मुलगी नवऱ्याबरोबर बंगळुरूला. त्यांच्या घरी हनुवटी हलवायची सोयच नाही.

अशा माणसाच्या हातात एके दिवशी पेपरातून एक गुळगुळीत पत्रक पडलं. त्यावर भलंमोठं पांढरं जहाज, निळा समुद्र आणि खाली लिहिलेलं: चार रात्री समुद्रावर, माणशी फक्त बत्तीस हजार. ते घेऊन मास्तर सकाळी दहा वाजता माझ्याकडे आले.

"सर, ह्या बत्तीस हजाराच्या डोक्यावर चांदणी कशापायी काढली?"

मी चष्मा लावून तळाचा मजकूर वाचला. दोन व्यक्तींनी मिळून एक केबिन घेतल्यास, असं मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत छापलं होतं.

"आणि माणूस एकटा असला तर?"

ते काही लिहिलेलं नव्हतं. पत्रकावर नाशकातल्याच द्वारका चौकाजवळच्या एका ट्रॅव्हल एजन्सीचा फोन होता. मी तो लावला आणि स्पीकरवर टाकला. मृणाल नावाच्या मुलीने उचलला. आवाजावरून स्वभावाने फारच चांगली वाटली, आणि पुढच्या दीड महिन्यात तो चांगुलपणा तिला चांगलाच महागात पडला.

"काका, एकट्यासाठी सिंगल सप्लिमेंट लागतं. या जहाजावर पंचाहत्तर टक्के. म्हणजे एक माणूस, अधिक पाऊण माणूस."

"पाऊण?" मास्तर खुर्चीतून उठले. "हा पाऊण माणूस कोण? मला दाखवा तरी. त्याला नाष्टा देणार का?"

"तसं नाही काका. दुसरा बेड रिकामा जातो ना, कंपनीचं नुकसान होतं."

"अहो ताई, मी श्रावणातल्या दुपारी चाळीस सीटा रिकाम्या घेऊन येवल्याला गेलोय. गाडीत एक म्हातारी. तिच्याकडून चाळीस सीटांचं भाडं घेतलं का मी? वाटेत कोणी ना कोणी चढतंच."

"काका, जहाजात वाटेत कोणी चढत नाही."

मास्तरांनी पत्रक उलटून मागची बाजू पाहिली. मग त्यांनी विचारलं, "पासष्टच्या पुढं हाफ हाय का?" तेही नव्हतं.

त्या दिवसापासून मास्तर रोज दहाला माझ्या कॉम्प्युटरपुढे हजर होऊ लागले. त्यांनी एक लांबट वही आणली आणि तिच्यात कंडक्टर लोक वे-बिलावर, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदावर, आखतात तशा उभ्या रेघा आखल्या. कंपनी, जहाज, 'आतली', 'खिडकीची', 'गॅलरीची' आणि शेवटचा रकाना 'एकट्याला'. बिनखिडकीच्या केबिनला ते आतली म्हणत, बाल्कनीवाल्या केबिनला गॅलरीची. मी माहिती शोधून सांगायची, त्यांनी लिहायची. एक कंपनी एकट्याकडून सरळ दोघांचे पैसे घेई. दुसरी पाऊणपट जास्त घेई. तिसरी निम्मेच जास्त घ्यायची, पण तिचं मूळ भाडंच असं होतं की निम्म्याची मौज वाटू नये. चौथीने खास एकट्यांसाठी केबिन बांधल्या होत्या. मास्तर हरखले. मग फोटो बघून म्हणाले, "सर, ही केबिन नाय, हे डायव्हरच्या मागचं कपाट हाय." आणि त्या कपाटाचं भाडं दोघांच्या खोलीतल्या एका माणसापेक्षा जास्त होतं!

खरं सांगायचं तर मलाही त्या वहीचा नाद लागला. रिटायर्ड फिजिक्सवाल्याला आकडे दिसले की त्याचं वय उतरतं. मी मोसमाप्रमाणे भाव कसा चढतो-उतरतो याचा आलेखच काढला. दिवाळी आली की वर, परीक्षा लागल्या की खाली. बायको चहा ठेवता ठेवता म्हणाली, "तुमचा दोघांचा अभ्यास बघून वाटतं, तिकीट नाही, जहाजच विकत घेताय."

मधेच मास्तरांना शंका आली. "ही गाडी जाते कुठं?"

"मुंबई, गोवा, लक्षद्वीप, मुंबई."

"म्हणजे जिथं बसलो तिथंच उतरायचं?"

"हो."

"मग शेवटचा स्टॉप कोणता म्हणायचा?" हा प्रश्न त्यांनी दुपारी मृणाललाही विचारला. ती म्हणाली, "काका, लोक पोचायला जात नाहीत, मजा करायला जातात." मास्तरांनी हे वाक्य वहीत लिहून ठेवलं, कोणत्या रकान्यात ते मात्र मी पाहिलं नाही.

मग मास्तरांनी दुसरी मोहीम काढली. पाऊण माणसाचं भाडं द्यायचंच असेल, तर अख्खा माणूसच का नेऊ नये? दोघं झाले की चांदणी लागू, माणशी बत्तीस. सकाळी जॉगिंग ट्रॅकवर ते एकेकाला गाठू लागले. "एक सीट हाय. चार रात्री. खाणंपिणं त्यातच." जोशींना नातवाची शाळा होती. गांगुर्डे म्हणाले, बायकोला विचारतो, आणि नंतर ट्रॅकवर उलट्या दिशेने फिरू लागले. एकाला साखर होती, एकाला गुडघे होते. निकमांनी तर विचारलं, "लक्षद्वीपला कांद्याचा भाव काय असतो?" आणि विषय तिथेच संपला.

एकदा भाव लिहिता लिहिता मास्तर म्हणाले, "सर, दोघं झाले तर बत्तीसला पडतं."

"छानच की. शोधा कोणीतरी."

"शोधतोय," ते म्हणाले. पेन तसंच धरून ते माझ्याकडे बघत राहिले.

आता मी साधा माणूस नाही, मला इशारा कळतो. पण चार रात्री एकाच खोलीत, झोपण्याआधी मला हनुवटीने मोजणाऱ्या माणसाबरोबर? मी घाईघाईने म्हणालो, "मी आलोही असतो, पण मला बोट लागते हो."

"असं व्हय," मास्तर म्हणाले आणि पुढच्या रकान्याकडे वळले.

ते गेल्यावर बायकोने विचारलं, "तुम्हाला बोट कधी लागली?"

"गंगापूर धरणावर."

"तिथे आपण काठावर बसून भजी खाल्ली होती."

मी पेपर तोंडापुढे धरला.

मृणालने स्वतःहून एक तोड काढली. मालेगावचे एक गृहस्थ एकटेच जाऊ पाहत होते, वय तेवढंच, निर्व्यसनी. दोघांनी एक केबिन घेतली असती तर दोघांचंही काम झालं असतं. मला वाटलं, सुटलो एकदाचे. पण मास्तर फोनवर सरळ नाही म्हणाले. मी चकितच झालो. ज्या माणसाने जन्मभर परक्या माणसांना एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसवलं, त्याला परका माणूस चालेना! मी तसं म्हणालोही.

"अनोळखी माणसं लय झाली सर," ते म्हणाले. "बत्तीस वर्षं तीच होती."

मला वाटलं, हट्ट आहे. माणूस तत्त्वाला चिकटला की सोय सोडतो, हा माझा जुना सिद्धांत. पगारे मास्तर एका माणसाला दोन तिकिटं फाडणाऱ्यांविरुद्ध लढत आहेत आणि मी त्यांच्या बाजूने आलेख काढतो आहे, अशी माझी ठाम समजूत होती. तिचा मला थोडा अभिमानही वाटत होता.

आणि एका मंगळवारी लढाई जिंकली. मास्तर नसताना मृणालचा मलाच फोन आला. "सर, काकांना सांगा ना. मार्चच्या सफरीत आतल्या केबिन उरल्यात, कंपनीने एकट्यांसाठी सप्लिमेंट काढून टाकलं. एक माणूस, एक भाडं. बत्तीस हजार. त्यांना फोन केला तर ते नुसतं 'बरं, विचार करतो' म्हणाले. आज संध्याकाळपर्यंतच धरून ठेवता येईल." तिच्या आवाजात तिला स्वतःला पदोन्नती मिळाल्यासारखा आनंद होता.

मी बायकोला शिरा करायला सांगितला आणि मास्तरांची वाट पाहत बसलो. ते दहाला आले नाहीत. अकराला आले. वही होती, पण काखेत मारलेली.

"मास्तर, अभिनंदन! जिंकलात की!"

"हां. झालं काम."

"बुक केलं ना?"

"विचार करतो म्हणालो."

"आता कसला विचार? दीड महिना हेच तर मागत होता. एक माणूस, एक तिकीट."

मास्तरांनी वही टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली, मांडीवर ठेवली. मग खाली बघत म्हणाले, "सर, इतके दिवस विचारायला तोंड होतं. माणूस मिळाला तर भाडं कमी पडतं, असं सांगता येत होतं. कोण नाय म्हटलं तरी भाड्याला नाय म्हटलं, असं वाटायचं. आता कोणाला काय सांगू? एकट्याला करमत नाय, म्हणून चला?"

दीड महिना मी या माणसाच्या शेजारी बसून आतली, खिडकीची, गॅलरीची असे भाव ताडून पाहत होतो. तो मात्र जॉगिंग ट्रॅकवर, टपरीवर, माझ्या टेबलाशी एकच गोष्ट मागत होता आणि मी त्याला टक्केवारी काढून देत होतो. मला स्वतःची लाज वाटली. शिऱ्याचा वास येत होता, तोही नकोसा झाला.

"मास्तर," मी म्हणालो, "त्याच जहाजावर दोघांची खोली घेतली तर माणशी काय पडतं?"

"बत्तीसच. आता दोघांत फायदा काय नाय सर."

"नसू दे. खिडकीची किती?"

"एकोणचाळीस." वही न उघडता ते म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला बोट लागते ना?"

"नाही लागत. मी आजवर बोटीत बसलेलोच नाही. खोटं बोललो होतो."

मास्तरांना राग आला नाही. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि उगाचच वहीचं कव्हर पुसलं. बराच वेळ पुसलं. मी मृणालला फोन लावला. ती आमची नावं, वयं, आधार कार्डं विचारू लागली. माझं सगळं सांगून झाल्यावर मी फोन त्यांच्याकडे दिला. त्यांनी आपलं नाव सावकाश, एकेक अक्षर सुटं करत सांगितलं, फोन ठेवला आणि शिऱ्याची बशी हातात घेतली.

दोन घास खाऊन झाल्यावर त्यांना एकदम काहीतरी आठवलं.

"एक विचारायचं राहिलं सर. तुम्ही घोरता का?"

मी उत्तर द्यायच्या आत बायको आतून ओरडली, "भिंत हलते!"

मी ओशाळलो. म्हणालो, "मास्तर, अजून वेळ आहे, पाहिजे तर वेगळी खोली…"

"नाय नाय," मास्तर घाईने म्हणाले. "घोरा तुम्ही. आमच्या घरात लय वर्षं झाली, कोणी घोरलं नाय."