पाणी खात्यातला तो वादक

"यंदा लोकांच्या ओळखीचं काहीतरी वाजव," केक कापता कापता बायको रोस्विथा म्हणाली आणि झ्विर्नर मास्तरांचा पारा चढला.

"ओळखीचं म्हणजे? दह्याच्या जाहिरातीतलं, का भुताच्या सिनेमातलं?"

मास्तरांचं हे जुनं दुखणं. बावीस वर्षं ते लिंडेनरोडा गावच्या नगरसभागृहात हार्पसिकॉर्ड वाजवत होते. हार्पसिकॉर्ड म्हणजे पियानोचा खडूस आजोबा. कितीही जोरात बडवा, आवाज तेवढाच. आणि कोणी खिडकी उघडली की रुसून बेसूर होणार. तीनशे वर्षांपूर्वी राजेरजवाडे त्याच्यावर जीव टाकत. आता सिनेमात ते वाजलं की समजावं, एकतर केसांचा टोप घातलेला सरदार येतोय, नाहीतर शवपेटीचं झाकण उघडतंय. मास्तर असल्या सिनेमांना नावं ठेवत आणि शेवटपर्यंत बघत.

यंदा मात्र गाठ सांस्कृतिक विभागाच्या फ्राउ कुप्फर यांच्याशी होती. बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "चौदा श्रोत्यांसाठी शनिवारचं सभागृह अडवता येणार नाही. या मैफलीला मी स्वतः येते. रंगली नाही, तर टेबलटेनिस मंडळ तयारच आहे." सभागृह गेलं की मैफल गेली, आणि मैफल गेली की मास्तरांना मास्तर म्हणायला गावाकडे कारण उरत नव्हतं.

शेवटी ते नमले. कुणा अनामिकाचा एक छोटा मिन्युएट, म्हणजे जुन्या दरबारी नाचाची धून, त्यांनी कार्यक्रमात घातला. बेकरीवाली तो गुणगुणायची, पोस्टमन त्यावर शीळ घालायचा.

"बघितलंस? बावीस वर्षांत गावाचा कान घडवलाय मी!" मास्तर म्हणाले.

रोस्विथाने केकचा तुकडा तोंडात घातला.

शनिवारी दुपारी सभागृह निम्म्याहून जास्त भरलं. टेबलटेनिस मंडळ आपली भावी जागा बघायला झाडून आलं होतं. मास्तरांनी मिन्युएट सुरू केला आणि काय आश्चर्य, चेहरे खुलले, माना डोलू लागल्या. चौथ्या ओळीला मात्र सगळं सभागृह दाताखाली खडा आल्यासारखं कळवळलं.

"चुकला," कोणीतरी कुजबुजलं.

जुन्या रिवाजाप्रमाणे मास्तरांनी तो भाग पुन्हा वाजवला. पुन्हा तेच. या वेळी प्लंबर ओल्ब्रिशने भलताच सूर मोठ्याने गुणगुणून मास्तरांना रस्ता दाखवला. पुढे धून जरा रंगात येते, तोच मागून कोणीतरी गंभीर आवाजात म्हणालं, "आमचे सर्व कर्मचारी सध्या व्यस्त आहेत," आणि हशा पिकला.

मध्यंतरात मास्तर रोस्विथाकडे धावले. "हे काय चाललंय?"

"तुला खरंच माहीत नाही? पण तुला कुठून असणार! घरातले सगळे फोन मी करते." तिने एक नंबर फिरवून फोन त्यांच्या कानाला लावला. "पाणी खातं. ऐक."

आधी एक आवाज म्हणाला, आपण रांगेत सातवे आहात. मग तोच मिन्युएट सुरू झाला, आणि चौथ्या ओळीत धडधडीत चुकीचा सूर!

"कोण गाढव वाजवतोय हा?" मास्तर कडाडले.

तेवढ्यात त्यांना आणखी काहीतरी ऐकू आलं. त्या सुराच्या अगदी आधी कोणीतरी खोकलं होतं. खोकला ओळखीचा होता. गावाच्या वर्धापनदिनाला नगरपालिकेने त्यांचं वादन ध्वनिमुद्रित केलं होतं. तेव्हा त्यांना सर्दी होती, आणि खोकताना बोट घसरलं होतं. "कुठेही वापरा, माझी हरकत नाही," असं त्यांनी मोठ्या मनाने लिहून दिलं होतं. सतरा वर्षं गाव त्यांनाच ऐकत होतं, तेही नळ गळायला लागला की.

"वाईट वाटून घेऊ नका," फ्राउ कुप्फर जवळ येऊन मायेने म्हणाल्या. "अवघड असतं ते. पाणी खात्यातला वादक मात्र बिनचूक वाजवतो."

"बाई, तो वादक मीच आहे."

"असं कसं? तो किती छान वाजवतो!" बाईंनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं. त्या थोपटण्यामागे मास्तरांना टेबलटेनिसची हिरवी टेबलं स्पष्ट दिसली.

मध्यंतरानंतर मास्तर उठून काही खुलासा करणार होते. पण आपली चूक आपल्यापेक्षा लोकप्रिय आहे, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? ते मुकाट्याने बसले आणि मिन्युएट पुन्हा सुरू केला. चौथी ओळ आली. मास्तर मनापासून खोकले आणि बोट नेमकं चुकीच्या पट्टीवर टाकलं.



"अहो, तोच खोकला!" ओल्ब्रिश ओरडला. "हाच तो माणूस!"

लोक उभे राहिले. टेबलटेनिसवाले बाकांवर चढले. फ्राउ कुप्फर यांनी डोळ्यांना रुमाल लावला. त्यांच्या तळघरात पाणी शिरलं होतं तेव्हा या माणसाने त्यांना पाऊण तास सोबत केली होती. मास्तरांनी फोनवर तुटते तिथेच धून तोडली, आणि सगळं सभागृह एका सुरात म्हणालं, "आमचे सर्व कर्मचारी सध्या व्यस्त आहेत!"

सभागृह वाचलं. पुढच्या मैफलीच्या फलकावर मास्तरांच्या नावाखाली "पाणी खात्याचे" असं छापून आलं. मास्तरांनी दोन दिवस अबोला धरला, तिसऱ्या दिवशी आणखी दहा फलक मागवले.

हल्ली ते सकाळी दार लावून रियाज करतात. परवा चौथी ओळ आली, मास्तर खोकले आणि धून थांबली. स्वयंपाकघरातून रोस्विथाने आवाज दिला, "खोकला जरा उशिरा आला रे. पुन्हा घे!"

आणि मास्तरांनी मुकाट्याने पुन्हा घेतला.