सबनीसांची नदी

सबनीस रविवारी सकाळी लाइफ जॅकेट घालून कांदेपोहे खातात, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. नव्या जॅकेटचे पट्टे अंगाला सरावले पाहिजेत, एवढाच त्यांचा खुलासा. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. त्यांच्या गॅरेजमध्ये एक लाल कनू, म्हणजे दोघांनी वल्हवायची चिंचोळी होडी, स्टुलांवर ठेवलेली असे. मागे सबनीस हवेत वल्हं मारताहेत आणि पुढच्या बाकावर वहिनी फरसबी निवडताहेत, हा देखावा अमेरिकेतल्या आमच्या रेडमंडच्या गल्लीने अख्खा हिवाळाभर पाहिला. लोक गाड्या हळू करून बघायचे.

सबनीस मूळचे नागपूरचे, इकडे विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर. त्यांच्या फ्रिजवर अलास्काच्या उत्तरेकडच्या डोंगरांतल्या एका नदीचा नकाशा चिकटवलेला होता. त्या नदीत तीन मैलांची एक घळ आहे, तिथलं पाणी नुसतं उसळतं. घळीभोवती लाल पेन्सिलीचं वर्तुळ. ती घळ कनूतून उतरायची, हे त्यांचं नऊ वर्षांचं वेड. पण पुढच्या बाकावर बसायला माणूस मिळेना. मुलगा ‘नो वे, डॅड’ म्हणून मोकळा झाला होता.

शेवटी त्यांनी एका पार्टीत मला विचारलं. पोहता येतं ना, असंही विचारलं. मला अजिबात येत नाही. पण भर पार्टीत, बायकोसमोर, कुठला मराठी माणूस ‘नाही’ म्हणेल? लहानपणी विहिरीत शिकलो, असं मी ठोकून दिलं.

जुलैत एका चिमुकल्या विमानाने आम्हाला डोंगरातल्या तळ्यावर सोडलं. दहा दिवसांनी खाली नदीच्या मुखाशी तेच विमान न्यायला येणार होतं. मधे ना रस्ता, ना माणूस. दुसऱ्या दिवशी पहिला खळाळ लागला. सबनीसांनी कनू काठाला लावली, पाण्यात हाताचं बोट बुडवलं, "पाण्याला घाई नाही, आपटे," म्हणाले आणि कनू पालथी करून डोक्यावर घेतली. सगळं सामान माझ्या पाठीवर. दगडधोंडे आणि झुडपं तुडवत आम्ही खळाळाला वळसा घातला. तिथल्या डासांबद्दल मी लिहीत नाही, कुणाचा विश्वास बसणार नाही.

मला आधी हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण पुढचा खळाळही पायी, त्याच्या पुढचाही पायी. गुडघाभर पाणी जरा खुळखुळलं की यांचं बोट बुडवणं सुरू. कनूच्या ट्रिपला म्हणून रजा काढून आलो आणि ही शुद्ध हमाली! पाचव्या दिवशी माझे खांदे सोलवटले, तसा माझा पारा चढला तो उतरलाच नाही.

आठव्या दिवशी ती घळ आली. सबनीस एका खडकावर तासभर उभे राहून नुसते बघत होते. मग खाली मान घालून परत आले. म्हणाले, पाणी बरोबर वाटत नाही. आम्ही कनू घेऊन झुडपांत शिरतो न शिरतो तोच वरून कॉलेजातल्या दोन पोरी गाणं म्हणत आल्या, भिजत किंचाळत घळ उतरल्या आणि आमच्याकडे बघून वल्हं हलवून गेल्या. मला राहवेना. मी म्हटलं, "नऊ वर्षं नकाशा लावलात आणि आयत्या वेळी घाबरलात!" त्यावर त्यांनी डोक्यावरची कनू नुसती सावरली आणि ते चालू लागले.

मी मात्र गप्प बसणारा नव्हे. गणपतीला सगळी मंडळी जमली, तेव्हा ही पदयात्रा मी साभिनय सादर केली. लोक हसून हसून बेजार झाले. सबनीसही हातात मोदक धरून हसत होते.

वहिनी तेवढ्या हसल्या नाहीत. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "भाऊजी, पहिल्या दिवशी तुम्ही काठावर तोंड धूत होतात ते एका हाताने झुडूप घट्ट धरून. तेव्हाच ओळखलं ह्यांनी. तुम्हाला सांगायचं नाही, असं बजावलंय मला."

मला आधी सबनीसांचाच राग आला. ‘खोटारड्या’ असं त्यांना माझ्या तोंडावर म्हणता येत नव्हतं? मग स्वतःची इतकी लाज वाटली की पेला हातातच राहिला. माझ्या थापेपायी त्या माणसाने आपली घळ सोडली होती, आणि मी आत्ताच त्याला गावासमोर भित्रा ठरवून आलो होतो.

मी बाहेर आलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मला पोहता येत नाही. कधीच येत नव्हतं. सबनीस माझ्यासाठी चालले."

सबनीसांनी आधी वहिनींकडे रागाने पाहिलं. मग उठून माझ्याजवळ आले आणि लाजल्यासारखे हलक्या आवाजात म्हणाले, "शिकायला तीन महिने पुरतात, आपटे. तिकडचा बर्फ जूनमध्ये वितळतो."