त्रेचाळीस टक्के

एर्गाश-अकांनी, म्हणजे सगळ्यांच्या एर्गाशदादांनी, चाळीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली होती. त्यामुळे ताश्कंदमधल्या त्यांच्या जुन्या इमारतींच्या अंगणात नोटीस लागली तेव्हा ते अजिबात घाबरले नाहीत. जर्दाळूची झाडं पाडून तिथे नऊ मजली इमारत उठणार होती. त्याआधी रहिवाशांची सुनावणी होती.

"भाषणं सगळेच करतील," ते बायकोला म्हणाले. "मी आकडे मांडणार."

"मांडा," मस्तुरा म्हणाल्या. निवृत्त नवरा घरी बसण्यापेक्षा हे बरं, असं त्यांना वाटलं.

नियम साधा होता. एकूण जागेच्या चाळीस टक्क्यांहून जास्त भागावर बांधकाम चालत नाही. अका चार दिवस टेप घेऊन फिरले. त्यांनी इमारती मोजल्या, गॅरेजं मोजली, तळमजल्यावरच्या लोकांनी पुढे काढलेल्या खोल्या मोजल्या. शेजारच्या सालोमत-आपांचं शिवणाचं दुकानही मोजलं. टेपचं दुसरं टोक आपांनीच हौसेने धरलं होतं.

सुनावणीत लोक दोन तास नुसते भांडले. मग अकांनी नकाशा उलगडला.

"आत्ताच त्रेचाळीस टक्के भरलंय. आणखी काही बसत नाही."

नगररचना खात्याच्या दिल्फूझा नावाच्या तरुण अभियंता बाईंनी आकडे दोनदा तपासले. "अचूक आहेत," त्या म्हणाल्या. इमारत नामंजूर झाली. सालोमत-आपांनी अंगणात पुलावाची कढई चढवली आणि अकांच्या ताटात मांसाचा सगळ्यात मोठा तुकडा वाढला.

आठवड्याने दिल्फूझा परत आल्या. हातात अकांचाच नकाशा होता.

"या त्रेचाळीसमधले बारा टक्के विनापरवाना आहेत, अका. पाडावं लागेल."

"अहो, पण मी हा नकाशा इमारत अडवायला काढला होता."

"सही तुमचीच ना?"

सहीच काय, प्रत्येक गॅरेजखाली मालकाचं नावही होतं, सुवाच्य अक्षरात.

महिनाभरात गॅरेजं गेली, दुकान गेलं. अकांनी पुढे काढलेली खोलीही गेली. त्यातच मस्तुरांचं स्वयंपाकघर होतं. आता शेगडी पलंगाच्या पायथ्याशी आली आणि अकांच्या उशीला कांद्याचा वास येऊ लागला. सालोमत-आपांनी मशीन जिन्याखाली मांडलं. अका जवळून गेले की त्या मशीन थांबवत. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं अकांना वाटे.

शरद ऋतूत नवी नोटीस लागली. आता बांधकाम एकतीस टक्क्यांवर आलं होतं. बिल्डरने सात मजल्यांचा, नऊ टक्के जागेचा प्रस्ताव दिला होता. अकांनी नोटिशीसमोर उभं राहूनच बेरीज केली. बरोबर चाळीस.

त्या दुपारी शेजारी त्यांच्या दाराशी जमले. सालोमत-आपांनीच आधी तोंड उघडलं, तेही कित्येक आठवड्यांनी.

"मास्तर, आता काय करायचं?"

अकांनी चहाचा पेला खाली ठेवला.

"उपाय एकच दिसतोय," ते थकून म्हणाले. "सुनावणीच्या आत सगळं परत बांधायचं."

लोक एकमेकांकडे बघू लागले. आतून मस्तुरांचा आवाज आला, "बांधा. पण यांच्या हातात टेप देऊ नका."