हलणाऱ्या भिंतीचा पेंटर

नवरदेवाची घोडी भर रस्त्यात अडवणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. माझ्या गिरणीच्या दारातच पाहिलाय, आणि त्या दिवशी हा माणूस आपला शेजारी आहे याची मला मनापासून लाज वाटली.

मार्गशीर्षातली गोष्ट. वरात आमच्या गल्लीत शिरली. पुढं बँड, मधे पोरं नाचतायत, मागं घोडीवर नवरदेव फेटा सावरतोय. आणि दस्तगीर पेंटर रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभा! का, तर सकाळी रंगवलेला किराणा दुकानाचा बोर्ड त्यानं माझ्या पायरीला टेकवून उन्हाला लावला होता.

"नाचू नका! धुरळा उडतोय! सुकतंय अजून!"

नवरदेवाचा बाप पुढं आला. "आवं पेंटर, लगीन हाय पोराचं!"

"हाय ना? मग हुईल की. लगीन सांजपातुर कवाबी लागंल. ह्या रंगावर धुरळा बसला तर त्यो जन्माचा बसला."

शेवटी काय झालं म्हणाल? बँड बंद पडला आणि सगळी वरात, मयताला आल्यासारखी माना खाली घालून, पाय न वाजवता त्या पत्र्याच्या बोर्डासमोरून गेली. घोडीसुद्धा. वर हा घोडीवाल्याला बजावतोय, "शेपटी धर तिची, शेपटी!"

तर हा दस्तगीर पेंटर. आमच्या कोरेगावात हातानं बोर्ड रंगवणारा आता हा एकटाच उरलाय. त्याचं दुकान आणि माझी पिठाची गिरणी, दोन्हींमधे एकच भिंत. मी त्याला चाचा म्हणते. लग्न होऊन आले तेव्हापासून म्हणते आणि तेव्हापासून भांडते. वयानं मोठा आहे म्हणून 'अहो' म्हणून भांडते, एवढंच.

उन्हाळ्यात हा माणूस बरा असतो. थंडी पडली की त्याच्या अंगात येतं. थंडीत ऑइल पेंट लवकर सुकत नाही, मग चाचा बोर्ड घेऊन उन्हाच्या मागं फिरतो. सकाळी ऊन समोर नामदेवच्या चहाच्या टपरीवर, तर सगळे बोर्ड टपरीला टेकलेले. दुपारनंतर ऊन माझ्या दारात, तर ह्याचं सगळं बिऱ्हाड माझ्या पायरीवर. गिऱ्हाइकानं डबा घेऊन आत यायचं कसं? "उडी मारून या की," चाचा म्हणतो. मी स्वतः बघितलंय, गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या बायका ज्वारीचा डबा डोक्यावर घेऊन 'प्रो. प्रा.'वरून टांग टाकतायत. आणि एखादीच्या लुगड्याचा काठ लागला, की ह्याचा आरडाओरडा असा, की बघणाऱ्याला वाटावं तिनं ह्याचा खिसाच कापला.

थंडीत आमच्या गल्लीत दुपारी झाडू मारायला बंदी. सतरंजी झटकायला बंदी. कोंबडीनं पंख झाडले तर कोंबडीच्या मालकिणीला बोलणी. आणि तोंडात एकच, "सुकतंय अजून!" चहा गरम असला तरी "सुकतंय अजून". कुणाचं लग्न जमता जमत नसलं तरी "सुकतंय अजून". मी एकदा चिडून चार दिवस बोलले नाही, तेव्हा नामदेवला सांगत होता, "जाऊ दे, शालन अजून सुकतीय." शालन म्हणजे मी. सांगा, राग येणार नाही?

माझं पीठ आणि त्याचा रंग ह्यांचं तर जन्माचं वैर. एकदा दातांच्या डॉक्टरांचा बोर्ड माझ्या दारात लावला होता. भला मोठा पांढराशुभ्र दात. त्या दिवशी मी बाजरी दळत होते. व्हायचं ते झालं. संध्याकाळी चाचा त्या दातावरून बोट फिरवतोय आणि माझ्याकडं बघतोय. "दाताला कीड लावलीस तू." मी म्हटलं, "चांगलं झालं, डॉक्टरला गिऱ्हाईक बोर्डापासनंच सुरू." त्यावर तो काय बोलला ते मी लिहिणार नाही.

पण त्याची खरी तक्रार पिठाची नव्हतीच. खरी तक्रार भिंतीची. "तुझी गिरणी सुरू झाली की भिंत हलती. भिंत हलली की स्टूल हलतं, स्टूल हललं की हात, आन् हात हलला की अक्षर." दळण चालू झालं, की पलीकडून रंगाच्या डब्यानं धडाधड भिंत बडवायची. आधी कधी हे नव्हतं बरं का. माझे मालक होते तेव्हा हीच गिरणी, हीच भिंत, हाच पेंटर. तेव्हा भिंत काय देवगिरीचा किल्ला होती? आणि मी गिरणी हातात घेतल्यावर हलायला लागली? बाईमाणूस बघून दाबतोय, असंच मला वाटायचं. मग मीही मुद्दाम दाणे ओतायचा हॉपर काठोकाठ भरायची.

एका बाबतीत मात्र आमचं दोघांचं एकमत. फ्लेक्स. शेंबूड पुसायला न येणाऱ्या पोराचा वाढदिवस, आणि चौकात त्याचा घराएवढा फ्लेक्स. काळा गॉगल, हात जोडलेले, खाली शुभेच्छुकांची रांग. चाचानं रंगवलेला औषधाच्या दुकानाचा बोर्ड अशाच एका फ्लेक्सनं झाकला, तेव्हा हा माणूस भर चौकात त्याच्याखाली उभा राहून दिवसभर ओरडत होता. "आजारी मानसानं दुकान हुडकायचं कसं? ह्याचं थोबाड चाटून ताप उतरतोय व्हय?" संध्याकाळी पोरांनी फ्लेक्स सरकवला. मी घरून भाकरी आणि ठेचा पाठवला होता, हेही सांगते. खरं ते खरं. चाचा म्हणतो, "फ्लेक्सला सुकावं लागत न्हाई, म्हून त्यो टिकत बी न्हाई."

आता माझ्या बोर्डाचं सांगते. माझ्या गिरणीवर मालकांचं नाव होतं, चाचानंच काढलेलं. मालक जाऊन वर्षं झाली, पावसानं नावही धुऊन गेलं. नवीन माणूस यायचा आणि मलाच विचारायचा, "मारुतीशेठ आहेत का?" मी सांगायची, "वर गेलेत." तो बिचारा माळ्याकडं बघत बसायचा. पट्टा मी चढवायचा, दगड मी उचलायचा, आणि शेठ कोण, तर मारुतीशेठ! मी ठरवलं, आता दारावरच्या भिंतीवर माझं नाव पाहिजे. शालन पीठ गिरणी. ठसठशीत, लाल.

चाचाला सांगितलं दिवाळीत. "थंडी पडू दे, पावसाची ओल जाऊ दे भिंतीतली," म्हणाला. थंडी पडली. "थंडीत सुकत न्हाई." ऊन पडलं. "तुझं पीठ उडतंय." पडदा लावला. "भिंत हलती. एक दिस गिरणी बंद ठेव." संक्रांत तोंडावर, बाजरीच्या पोत्यांची रांग लागलेली, आणि मी गिरणी बंद ठेवू? "न्हाई ठेवत!" "मग न्हाई काढत!" नामदेवची टपरी आमच्या भांडणावर चालायला लागली. लोक चहा संपला तरी उठेनात.

त्याच दिवसांत माधवनगरहून त्याची लेक आली, जरीना. पोर चांगली आहे. चाची गेल्यापासून बाप एकटा स्टोव्हवर काहीतरी उकळून खातो, हे तिला बघवत नाही. "अब्बा, चला आता, पोरं विचारत्यात तुमाला," म्हणत होती. चाचाचं ठरलेलं उत्तर, "हात चालतोय तवर कोरेगाव. हात थांबला की मी तुझा." ती गेल्यावर मला म्हणाला, "तितं जाऊन करू काय? समदी गोड बोलत्यात. भांडाया कोन हाय तितं?"

मग आला मंगळवार. दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद. सकाळीच मी पदर खोचला आणि चाचाच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिले. टपरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "चाचा, गिरणी बंद हाय. पीठ उडत न्हाई, भिंत हलत न्हाई, ऊनबी पडलंय. आता काय सुकायचं राह्यलंय तुमचं?"

सगळे हसले. चाचा हसला नाही. म्हणाला, "आन स्टूल."

त्यानं भिंत पुसली. खडूच्या दोरीनं वरखाली रेषा मारल्या. खारीच्या केसांचा ब्रश ओठांनी टोकदार केला, लाल रंगात बुडवला. माणसं टपरी सोडून माझ्या दारात आली होती. मी कमरेवर हात ठेवून उभी, लढाई जिंकल्यासारखी.

गिरणी बंद म्हणून गल्ली शांत होती. आणि त्या शांततेत सगळ्यांना दिसलं. भिंत हलत नव्हती. स्टूल हलत नव्हतं. चाचाचा हात हलत होता.

त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. तरी हलत होता. पहिल्या अक्षराचा काना वरून खाली आला तो सरळ आलाच नाही, शेवग्याची शेंग लोंबावी तसा आला. ज्या माणसाचा काना बघून गवंडी ओळंबा लावतील, त्याचा काना. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

नामदेव हळूच म्हणाला, "चाचा, थंडी वाजतीय का?"

चाचानं मागं वळून पाहिलं नाही. भिंतीशीच बोलला, "वली हाय भिंत." एवढाच आवाज. ज्यानं वरात थांबवली त्याचा.

डब्यानं भिंत बडवणं, पिठाच्या तक्रारी, दिवाळीपासूनच्या सबबी, सगळं एकदम कळलं. आणि हेही कळलं, की आता ही माणसं टपरीवर जातील, संध्याकाळपर्यंत गाव म्हणेल पेंटरचा हात गेला, उद्या ते माधवनगरला पोचेल, आणि परवा ह्याचा बिस्तरा बांधला जाईल.

तेवढ्यात आत दिवा लागला. वीज वेळेआधीच आली होती. मी काही ठरवलं नाही. आत गेले आणि खटका ओढला.

हॉपरात दाणा नव्हता. रिकामी गिरणी फिरवायची नाही, हे गिरणीवाल्याचं बाळकडू. दगडाला दगड लागतो, दगड वाया जातो. मालक असते तर मला गिरणीबाहेर काढलं असतं. पण गिरणी खडखडाट करत सुरू झाली, पत्रे वाजायला लागले, फळीवरचे डबे नाचायला लागले.

मग बाहेरून आला आवाज. अस्सल, पूर्वीचा, गल्ली दणाणून सोडणारा.

"शालन! बंद कर गं ती म्हामारी! काना हलला माझा!"

मी दारात आले. "न्हाई करत! पोट हाय माझं त्येच्यावर!"

"दोन मिनटं दम धरवंना व्हय तुला?"

"दिवाळीपासनं धरलाय दम! तुमाला सरळ काडता येत न्हाई त्येला मी काय करू?"

"भिंत हलवून वर मलाच बोलतीस?"

माणसं हसायला लागली. नामदेव म्हणाला, "गिरणीच तसली हाय, चाचा. माझ्या बशा वाजायल्यात हितं." चाचा स्टुलावरून उतरला, ब्रश झटकला आणि सगळ्यांना ऐकवलं, "ह्या बाईच्या दारात अक्षर सरळ येनार न्हाई. लिहून घ्या."

पण काढलं. रोज थोडं थोडं, गिरणी सुरू असताना, मला शिव्या घालत काढलं. आज माझं नाव भिंतीवर आहे. ठसठशीत, लाल, आणि पहिल्या कान्यापासून शेवटच्या वेलांटीपर्यंत थरथरलेलं. कुणी गिऱ्हाईक म्हणालं, "वैनी, अक्षरं हलल्यागत दिसत्यात," की माझं डोकं फिरतं. "गिरणी हलती माझी. तुमाला दळायचंय का वाचायचंय?"

बोर्ड पुरा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी चाचा एका माणसाला घेऊन गिरणीत आला. हातोडी, छिन्नी, सगळं सामान त्याच्याजवळ. दळणाच्या दगडाला टाकी लावून धार देणारा.

"ह्येला दगड दाखव," चाचा म्हणाला.

"कशाला? मी कुठं बोलावलंय?"

"आवाज बदललाय. त्या मंगळवारपासनं घासतोय दगड." तो माणूस आत गेल्यावर चाचानं आवाज खाली आणला. "भिंतीपल्याड बसतो मी, शालन. भरली गिरणी कवाची अन् रिकामी कवाची, ह्ये कळंना एवडा बहिरा न्हाई झालो."

मी खालमानेनं हॉपरावरचं पीठ पुसत राहिले. नामदेवला सांगितलं तर विश्वास ठेवणार नाही.

त्यानं उजवा हात समोर धरला. हात पानासारखा हलत होता.

"सकाळचा चा बशीत ऱ्हात न्हाई," तो म्हणाला. "जरीनाला बोलू नगंस."

"मी कशाला बोलू?" माझा आवाज उगाच चढला. डोळ्यांत पाणी आलं की माझा आवाज चढतो. "मला काय दुसरं काम न्हाई?"

चाचा पायरी उतरून गेला, आणि उन्हात थांबला. पाठमोराच म्हणाला, "उद्या हाटेलाचा एक बोर्ड हाय. सकाळच्यालाच बसनार. चालू ठेवशील न्हवं?"

"ठेवते."

"दानं घालून ठेव पन."